भुतांच्या चित्रपटांचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार आपण सर्वांनी पाहिला आहे. गावकीची बैठक बसते, वर्गणी ठरते, मुंबईकर चाकरमानी आपला वाटा पाठवतात, आणि पडक्या भिंतींच्या जागी नवे देऊळ उभे राहते. परंतु चित्रपटाचाही जीर्णोद्धार होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि तो कोणत्या चित्रपटाचा, असे विचाराल तर हसाल. 'पुराना मंदिर' या भुताच्या चित्रपटाचा!

१९८४ साली आलेला हा हिंदी बोलपट. थोड्या पैशांत काढलेला, पण त्याने गल्ला मात्र भरपूर जमवला. शहाण्यासुरत्या लोकांनी त्याला नाके मुरडली. आज मोंडो मकाब्रो नावाच्या एका परदेशी कंपनीने तो आणि त्याच्या जातकुळीचे आणखी काही चित्रपट साफसूफ करून, आधी डीव्हीडीवर आणि मग ब्लू-रे तबकडीवर, घरी बसून पाहण्यासाठी विक्रीस आणले आहेत. जगभरचे शौकीन लोक ते विकत घेतात आणि आवडीने पाहतात.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, याच्याशी आम्हां पोलादपूर-महाडच्या माणसांचा काय संबंध?" संबंध आहे, आणि जवळचा आहे. ही भुते आपल्या शेजारीच जन्मली.

हे चित्रपट काढले रामसे बंधूंनी. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचा फाळणीपूर्वी रेडिओचा धंदा होता. गोऱ्या गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' उच्चारता येईना, म्हणून त्याचे झाले 'रामसे'. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईत आले आणि चित्रपटाच्या व्यवसायात पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग असा होता की, पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात. तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक दचकत, आणि पुन्हा पाहायला येत. मुलांनी ते हेरले. लोकांना भ्यायला आवडते ना? मग संपूर्ण चित्रपटच भीतीचा काढू!

तो चित्रपट म्हणजे १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. त्याचे चित्रण झाले आपला आंबेनळी घाट चढून गेले की लागणाऱ्या महाबळेश्वरात. स्टुडिओचे भाडे परवडत नव्हते. म्हणून नटमंडळी, कामगार, घरच्या बायामाणसे अशी सारी वरात बसमधून नेली, विश्रामगृहात उतरवली, आणि सुमारे चाळीस दिवसांत, साडेतीन लाख रुपयांच्या आसपास खर्चात काम उरकले. स्वयंपाक घरच्याच बायकांनी केला. सात भाऊ, कोणी कथा लिहिली, कोणी कॅमेरा धरला, कोणी आवाज सांभाळला. तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन केले. भात लावणीला जसे सारे घर खाचरात उतरते, तसाच हा प्रकार. पुढे 'पुराना मंदिर'साठी ही मंडळी आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या नवाबाच्या वाड्यात आली. त्या चित्रपटात सदाशिव अमरापूरकर आणि ललिता पवार ही आपली मराठी मंडळीही आहेत. आणि सामरी नावाचा जो राक्षस, तो झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे शिकलेले अभियंते होते. देवाने उंची दिली होती, बाकीचे रूप रंगभूषाकाराने दिले.

आता जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय करतात, ते पाहू. चित्रपटाची फीत ही नाशवंत वस्तू आहे. उष्णता आणि दमट हवा हे तिचे वैरी, आणि आपल्या कोकणात या दोहोंना तोटा नाही. फीत कुजू लागली की डब्यातून शिरक्यासारखा आंबूस वास येतो. ती आक्रसते, वाकडी होते. रंग उडून चित्र तांबूस पडते. गावोगाव फिरलेल्या प्रतींवर तर यंत्राचे ओरखडे उठून पडद्यावर सतत पाऊस पडल्यासारखे दिसते. अशी फीत आधी हाताने तपासतात. फाटलेल्या कडा आणि तुटलेली भोके चिकटवतात, फीत धुतात, आणि मग एकेक चित्र यंत्राने टिपून संगणकात घेतात. एका सेकंदाला चोवीस चित्रे. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. दोन तासांचा बोलपट म्हटला तरी १,७२,८०० चित्रे होतात! त्यांवरचे डाग काढायचे, रंग पुन्हा जुळवायचे, आणि फितीच्या कडेला आवाजाची जी पट्टी असते तिच्यातली खरखर कमी करायची. हे काम चिकाटीचे आणि खर्चाचे आहे.

म्हणूनच प्रश्न पडतो की, एवढा खर्च अशा चित्रपटावर का करावा? आपल्याकडे थोर चित्रपटांचीसुद्धा हेळसांड झाली आहे. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी फिती त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या होत्या. मग भुताटकीचे चित्रपट आधी का वाचवायचे?

मला असे वाटते की, वाचवताना भेदभाव करू नये. ज्या वस्तूला समाजात मान नाही, ती सर्वांच्या आधी नाहीशी होते. मानाच्या चित्रपटाला कोणी ना कोणी वाली भेटतो. सवंग म्हणून हिणवलेल्या चित्रपटाला कोण विचारणार? पण हेच चित्रपट तालुक्याच्या गावांतून आणि जत्रेतल्या तंबूंतून गर्दी खेचत होते. आपली माणसे कशाला हसली, कशाला भ्याली, याचा तो दस्तऐवजच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट लागतो, तशीच वाण्याची चोपडीही लागते.

मात्र जपणे वेगळे आणि वाखाणणे वेगळे. या चित्रपटांत दोष आहेत, आणि ते झाकू नयेत. बाईच्या देहाचे प्रदर्शन करून तिकिटे विकण्याचा हिशेब त्यांत उघड दिसतो. त्याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. १९८८ च्या 'वीराना'मध्ये एका बाईला चेटकीण म्हणून फाशी देतात, आणि पुढे ती खरोखरच चेटकीण होती असे कथा आपल्याला पटवते. पडद्यावर हे घटकाभराची करमणूक म्हणून खपून जाते. खेड्यात मात्र एखाद्या विधवेला, एखाद्या एकट्या म्हातारीला 'हिचीच नजर लागली' असे म्हणून छळले जाते, तेव्हा ती करमणूक राहत नाही. आपल्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोसुद्धा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाल्यानंतर. म्हणून हे चित्रपट लहान मुलांपुढे ठेवू नयेत. आणि मोठ्यांनी पाहावेत ते डोळे उघडे ठेवून.

गंमत अशी की, जीर्णोद्धार नेमका याच कामी येतो. जुन्या, काळपटलेल्या, ओरखडे पडलेल्या प्रतीत भूत अर्धवट दिसायचे, आणि जे अर्धवट दिसते त्याचीच भीती जास्त. चित्र लख्ख झाले की मुखवट्याची कड दिसते, रंगाचा थर दिसतो, धूर कुठून सोडला आहे ते कळते. चंद्रप्रकाश म्हणून जो निळा उजेड पडतो, तो मागे लावलेल्या दिव्याचा आहे हे उमगते. भूत विरते आणि ते घडवणाऱ्या माणसांची मेहनत दिसू लागते. कॉलेजातल्या मुलांना असा एखादा तुकडा आधी आवाज बंद करून दाखवावा, मग आवाज लावून. दाराची करकर आणि वाद्यांचा कल्लोळ काढून घेतला की भीती निम्मीसुद्धा उरत नाही. भूत कसे बनवतात हे ज्याने एकदा पाहिले, त्याला भगताच्या अंगात येणारे भूतही जरा निराळे दिसेल.

आणि श्रोतेहो, आपल्या मुलखात भिण्यासारखे खरेखुरे काही नाही, असे कोण म्हणेल? २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस माणसे गेली, एकच वाचला. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात दरडी पडून घाटाचा रस्ताही बंद झाला. त्या वेळी ना कुठे घुंगरू वाजले, ना पांढऱ्या साडीतली बाई दिसली. कारणे होती ती कोसळणारा पाऊस, भिजून सुटलेली माती, उभा उतार आणि अवघड वळणे. ही कारणे मोजता येतात, आणि जे मोजता येते त्यावर इलाज शोधता येतो. 'घाटात काहीतरी आहे' म्हटले, की कठडा बांधण्याचा, दरडीवर जाळी टाकण्याचा, वेळीच गाव हलवण्याचा विषयच संपतो. अपघाताच्या जागी नारळ फुटतो, आणि वळण तसेच राहते.

तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरात वारले, श्याम रामसे २०१९ च्या सप्टेंबरात. त्यांची भुते आता तबकडीवर सुखरूप आहेत. ती तिथेच राहोत. कोणाला हौस असेल त्याने ती पाहावी, दचकावे, हसावे आणि यंत्र बंद करून निजावे. पण पावसाळ्यात रात्रीच्या वेळी घाट उतरताना धास्ती वाटलीच, तर ती दरडीची वाटू द्या, पुढच्या वळणाची वाटू द्या. गाडी हळू हाकावी, आणि रस्त्यावर माती आलेली दिसली तर ताबडतोब तहसील कचेरीला कळवावे.