मातीवांचून बाग : कुंडींत भरावें काय?

झाड मातींत वाढतें म्हणून तें मातीच खातें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः माती झाडाला पाणी, कांहीं क्षार, मुळांपुरती हवा आणि उभें राहण्यास आधार देते. क्षार पाण्यांत विरघळवून देतां आले, तर मातीवांचून चालतें. कॅलिफोर्नियांत गेरिक यांनीं १९३० च्या सुमारास तारेच्या जाळीवर झाडें तोलून, मुळें क्षारयुक्त पाण्यांत सोडून टोमॅटो पिकविले. बंगालमध्यें कालिंपाँग येथें शोल्टो डग्लस यांनीं १९४६ सालीं प्रयोग आरंभिले, ते मात्र खडी व दगडाची बारीक चुरी यांच्या मिश्रणांत. घरगुती बागेस ही दुसरी वाट सोयीची.

कुंडींतील हा पदार्थ कसदार असावा, ही अपेक्षा व्यर्थ होय. पाण्यांतील क्षारांत त्यानें ढवळाढवळ करूं नये, हाच त्याचा गुण. पाहावयाचें तें इतकेंच कीं, तो ओलावा किती धरतो आणि हवेस जागा किती ठेवतो. काळ्या दगडाची बारीक खडी हवा भरपूर ठेवते, पण उन्हाळ्यांत दिवसांतून अनेकदां पाणी मागते. ज्या घरचीं माणसें सकाळीं कामावर जाऊन सायंकाळीं परततात, तेथें नुसत्या खडींतील रोप दुपारींच मान टाकील. अशा घरीं नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे बाजारांतील कोकोपीट, बरा. मात्र नुसता भुसा फार ओला राहून मुळें गुदमरतात. त्यांत थोडी खडी किंवा पर्लाइट मिसळावें.

या भुशांत पुष्कळदां मीठ असतें. तो गोड्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावा व कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यांत रात्रभर भिजवून पुन्हां निथळावा. एरव्हीं झाडासाठीं घातलेलें कॅल्शियम भुसाच अडवून धरतो, आणि टोमॅटोचीं फळें बुडाशीं काळीं पडतात.

खडीचीहि परीक्षा आहे. चार खडे शिरक्यांत टाकावे; बुडबुडे उठले तर त्यांत चुना आहे असें समजून ती खडी परत करावी. चुन्यानें पाण्याची अम्लता जाते, मग लोह घातलेलें असूनहि मुळांस मिळत नाहीं. नवीं पानें पिवळीं होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असें रोप पाहून आणखी खत ओतणारे लोक कमी नाहींत. दोष खड्यांत आणि औषध पाण्यांत! समुद्राची वाळू तर मुळींच आणूं नये.

धुतलेली खडी वर्षानुवर्षें टिकते. भुसा कांहीं हंगामांनीं कुजून दबतो व बदलावा लागतो. खडी जड असते, घनफुटास सुमारें ४० किलो. तेव्हां सज्ज्याच्या कडेला तिच्या कुंड्यांची रांग मांडूं नये.