पात्यांचे चक्र : ओतीव की घडीव?



चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढू लागण्यापूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी पोफळी हे गाव लागते. नाव सुपारीच्या झाडाचे. परंतु महाराष्ट्रात ते सर्वश्रुत झाले ते विजेमुळे. घाटमाथ्यावरील कोयनेचे पाणी आपल्या स्वाभाविक वाटेने कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे गेले असते. ते बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून येथे डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजगृहात आणलेले आहे. १९६२ साली येथे वीज निर्माण होऊ लागली. पुढे एकामागून एक टप्पे पुरे होत गेले, आणि कोयना प्रकल्पाची एकंदर क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत पोहोचली. या प्रकल्पाच्या धरणाविषयी, बोगद्यांविषयी आणि १९६७ सालच्या भूकंपाविषयी आजवर पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु वरून आलेल्या पाण्याचे सारे बळ ज्या एका वस्तूवर प्रथम येऊन आदळते, त्या पात्यांच्या चक्राचा विचार सहसा कोणी करीत नाही. असली चक्रे कशी घडवितात, आणि त्यांच्या घडणीवर इतके काय अवलंबून असते, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांतील चक्रे पेल्टन जातीची आहेत. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन या कारागिराने १८८० साली या चक्राचे एकस्व घेतले. त्याच्या परिघावर जोडवाट्या बसविलेल्या असतात आणि प्रत्येक जोडवाटीच्या मध्यावर एक धारदार कणा असतो. पाण्याची धार त्या कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांतून वळते आणि आपला बहुतेक सारा वेग चक्राला देऊन खाली गळून पडते. पोफळीस पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून येते. एवढ्या उंचीच्या दाबाखाली तोटीतून सुटणारी धार सेकंदाला नव्वद मीटरांहून अधिक वेगाने धावते. म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरांच्याही पुढे. आपल्या ओळखीचे मऊ, शीतल पाणी या वेगाला घणासारखे होते.

आता एक साधा हिशेब करून पाहू. एखादे चक्र मिनिटाला ३०० फेरे घेते आणि त्याच्याभोवती चार तोट्या आहेत, असे समजा. मग प्रत्येक वाटीवर मिनिटाला १,२०० आघात होतील, तासाला ७२,०००, दिवसाला सतरा लाखांवर, आणि यंत्र वर्षभर अखंड चालले तर त्रेसष्ट कोटी. यांतील एकही आघात वाटी मोडण्याइतका मोठा नसतो. परंतु धातू थकतो. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पुनःपुन्हा वाकविल्याने तुटते, हा अनुभव लहान मुलासही आहे. कोट्यवधी लहान आघातांनी धातूच्या आतील एखाद्या सूक्ष्म दोषापाशी चीर पडते, ती केसाकेसाने वाढते, आणि अखेरीस एके दिवशी वाटी मुळापासून सुटते. डोंगराच्या पोटातील वीजगृहात एवढ्या वेगाने सुटलेला लोखंडाचा गोळा काय करील, हे निराळे सांगावयास नको. म्हणून चक्राच्या बाबतीत धातू किती कठीण आहे यापेक्षा त्याच्या आत काय दडले आहे हा प्रश्न मोठा ठरतो.

येथेच ओतीव आणि घडीव यांतील भेद पुढे येतो. वितळलेला धातू साच्यात ओतला म्हणजे तो बाहेरून आत थिजत जातो. थिजताना आकसतो; आकसताना मध्यभागी पोकळ्या राहू शकतात, वायूचे बुडबुडे अडकतात, आणि धातूचे कण मोठे व विस्कळीत राहतात. घडाईत असे होत नाही. आपल्या कोकणातील लोहार कोयता करितो तेव्हा तो लोखंड वितळवीत नाही. भात्याच्या वाऱ्याने ते लाल करितो आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून त्याला आकार देतो. त्या घावांनी मोठे कण मोडून त्यांच्या जागी बारीक कण येतात, पोकळ्या मिटतात, आणि लाकडाच्या धाग्यांप्रमाणे धातूचेही धागे आकाराच्या दिशेने वळतात. कुऱ्हाडीचा दांडा लाकडाच्या धाग्याला धरून काढावा, आडवा काढू नये, हे ज्याला ठाऊक आहे त्याला घडाईचे मर्म निराळे शिकवावे लागत नाही.

पेल्टन चक्राच्या इतिहासात हा भेद स्पष्ट उमटला आहे. आरंभी प्रत्येक वाटी निराळी ओतून ती चकतीला बोल्टांनी जखडीत असत. यात सोय अशी की एक वाटी बिघडली तर तेवढीच बदलता येई; गैरसोय अशी की प्रत्येक सांधा हे दुर्बळ स्थान असे. पुढे वाट्यांसह सबंध चक्र एकाच ओतकामात काढू लागले. सांधे गेले, परंतु वाटीचे मूळ जेथे चकतीला मिळते, नेमक्या त्याच जाड व वाकड्या जागी ओतकामाचे दोष राहण्याचा संभव अधिक, आणि सर्वांत जास्त ताणही तेथेच. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरी रीत आली. सुमारे तेरा टक्के क्रोमियम व चार टक्के निकेल असलेल्या पोलादाची सबंध चकती प्रथम दाबयंत्राखाली घडवावयाची, तिची आतून परीक्षा करावयाची, आणि मग संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रावर तीतून वाट्या कोरून काढावयाच्या. काही कारखाने वाटीचे मूळ तेवढे घडीव चकतीतून कोरतात आणि पुढचा भाग वितळजोडाचे थरावर थर चढवून उभा करितात.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चकतीतून वाटी कोरली म्हणजे धातूचे धागे वाटीच्या वळणाबरोबर वळत नाहीत. ते मध्येच कापले जातात. म्हणजे या रीतीत घडाईचा एक लाभ, निर्दोष व बारीक कणांचा धातू, मिळतो. दुसरा लाभ, आकाराला धरून जाणारा धागा, मिळत नाही. पाण्याच्या चक्राला पहिला लाभ बहुधा पुरतो. परंतु जेथे वेग याहून कितीतरी मोठा आणि वजन मात्र कमीत कमी हवे, तेथे दुसऱ्या लाभाचीही अपेक्षा धरावी लागते. ते क्षेत्र म्हणजे विमानाचे झोतयंत्र.

झोतयंत्रातही पात्यांची चक्रेच असतात. मात्र त्यांवरून पाण्याऐवजी हवा व तप्त वायू वाहतात. शंभर ग्रॅम वजनाचे एक पाते आसापासून तीस सेंटिमीटरांवर बसविले आहे आणि चक्र मिनिटाला १२,००० फेरे घेत आहे, असे समजा. त्या चिमुकल्या पात्याला बाहेर खेचणारी ओढ सुमारे पावणेपाच टन भरते. पाती निराळी करून त्यांची मुळे चकतीच्या खाचांत अडकवावीत, ही जुनी रीत. पण मुळे व खाचा यांचे वजन वाढते, आणि ते वजन पेलण्यासाठी चकतीही जाड करावी लागते. म्हणून पाती आणि चकती एकजीव असावीत, हा विचार पुढे आला. सबंध ठोकळ्यातून पाती कोरून काढता येतात; परंतु त्यात मौल्यवान धातूचा मोठा भाग कीस होऊन वाया जातो, आणि धागा कापला जातो तो जातोच.

मग पाती चकतीबरोबरच दाबून का काढू नयेत? सांगावयास सोपे, करावयास कठीण. टायटॅनियमची मिश्रधातू सुमारे ९०० अंशांच्या पुढे तापविल्यावर नीट वाहते. पण साचा थंड असेल तर पात्याची पातळ कड त्याला स्पर्श करताच निवते, ताठर होते, साचा भरत नाही आणि कड फाटते. यावरचा उपाय असा की साचाही धातूइतकाच तापवावयाचा आणि घणाचा घाव न घालता दाब अगदी सावकाश द्यावयाचा. या समतापी घडाईत बारीक कणांचा धातू मळलेल्या कणकेसारखा खाचाखाचांतून वाहत जातो. साचा मात्र साध्या पोलादाचा चालत नाही. मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा साचा वापरल्यास तो हवेत जळून झिजतो, म्हणून सारे काम निर्वात किंवा निष्क्रिय वायूने भरलेल्या कोठडीत करावे लागते. आणखी एक अडचण आकाराची. चहूबाजूंना पसरलेली वाकडी पाती असलेले चक्र दोन पाळ्यांच्या साध्या साच्यातून बाहेर निघणारच नाही. म्हणून दोन पात्यांच्या मधली जागा भरणारे साच्याचे तुकडे निराळे करावयाचे, ते कड्यासारखे भोवती बसवावयाचे, दाबकाम झाले म्हणजे एकेक बाहेर ओढून काढावयाचे. नंतर पात्यांवर थोडेसेच कातकाम उरते, आणि धातूचा धागा चकतीतून पात्यात अखंड शिरलेला असतो.

इतके झाले तरी घडाई सर्व पापे धुऊन काढीत नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक मोठे प्रवासी विमान कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. उड्डाणात त्याच्या शेपटीकडील यंत्राची टायटॅनियमची पंखाचकती फुटली होती. चौकशीत असे आढळले की धातू वितळविताना त्यात एक बारीकसा ठिसूळ दोष राहून गेला होता. चकती घडविली, कातली, वापरली, तरी तो तेथेच राहिला. त्यापासून चीर वाढत गेली, आणि तपासणीतही ती नजरेतून सुटली. ठिसूळ खडा घणाने पोकळीप्रमाणे मिटत नाही. तात्पर्य, चक्राची गुणवत्ता साच्यापाशी सुरू होत नाही. ती भट्टीपाशी सुरू होते आणि तपासनिसाच्या डोळ्यापाशी संपते.

हे ज्ञान आपल्या देशाला परके राहिलेले नाही. १९६१ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जने मोटारींचे क्रँकशाफ्ट व आस घडवून महाराष्ट्राचे घडकाम जगाच्या बाजारात नेले. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने २,००० टनांच्या समतापी दाबयंत्रावर झोतयंत्राच्या उच्चदाब संपीडकाच्या पाचही पायऱ्यांच्या टायटॅनियम चकत्या घडविल्याचे २०२१ साली जाहीर झाले. या चकत्या जग्वार व हॉक विमानांच्या अडूर यंत्रासाठी होत. ही विद्या सहजासहजी कोणी कोणास देत नाही. ती ज्याची त्याने भट्टीपाशी उभे राहूनच मिळवावी लागते.

आता पुन्हा पाण्याच्या चक्राकडे वळू. चक्र एकजीव असावे की जोडीव, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. एकजीव चक्र हलके व मजबूत. परंतु त्याचे एक पाते दुखावले तर सबंध चक्र थांबते, आणि दुरुस्तीसाठी निष्णात हात व उष्णतेची नीट योजना लागते. जोडीव चक्राची दुरुस्ती सोपी. परंतु त्याच्या प्रत्येक सांध्यावर पहारा ठेवावा लागतो. पहारा मात्र दोहोंनाही हवाच. रंगद्रव वा चुंबकी चूर्ण लावून पृष्ठभागावरील चिरा शोधावयाच्या आणि ध्वनिलहरींनी धातूचे अंतरंग तपासावयाचे, हे काम दिखाऊ नाही. पण वीजगृहातील माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

म्हणून ज्यांच्यावर अशी चक्रे विकत घेण्याची जबाबदारी येते त्यांनी किमतीबरोबर तीन प्रश्न विचारावेत : धातू कसा वितळविला? तो कसा घडविला? आणि आत काय आहे हे कोणी व कशाने पाहिले? कोकणातील जी मुले आज तंत्रशाळांतून शिकत आहेत, त्यांतील काहींना हे प्रश्न विचारण्याचा, काहींना त्यांची उत्तरे देण्याचा प्रसंग येईल. गावच्या लोहाराकडे कोयता घेताना आपले वाडवडील त्याला बोटाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकत असत. साधने बदलली, परीक्षा सूक्ष्म झाल्या. परंतु घेण्यापूर्वी पारखून पाहण्याचा तो धर्म आपण सोडता कामा नये.