बांधावरचे सोबती घरात कोंडू नका
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



पावसाळा लागला की शिवारात बेडूक, साप, कासवे दिसू लागतात. मुले बेडूक बरणीत ठेवतात. कोणी शुभ म्हणून कासव पाळतो, तर कोणी उंदरांसाठी धामण धान्याच्या खोलीत कोंडतो. मग विचारणा होते, "साहेब, याला खायला काय घालावे?" आज त्याविषयी बोलतो.

प्रथम घरचा अनुभव सांगतो. मी चौथीत असताना वडिलांनी बाजारातून तारा कासव आणले. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले हे कासव. आम्ही त्याला दूध-भाकरी व भात घातला, ऊन लागू नये म्हणून माजघरात ठेवले. काही महिन्यांत त्याची पाठ मऊ पडली, चालणे थांबले आणि ते मेले. एक दिवसही आम्ही त्याला उपाशी ठेवले नव्हते. चूक कोठे झाली हे मला कृषी महाविद्यालयात शिकताना उमगले.

तारा कासव कोरड्या, झुडपी रानातले. गवत, पाला व गळालेली फळे हा त्याचा मुख्य आहार. कवचाला कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व उघड्या उन्हात तयार होते. काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. हे कासव जमिनीवरचे असल्याने विहिरीत सोडल्यास बुडून मरते.

सापाचा आहार दूध नव्हे. तो भक्ष्य अख्खे गिळतो. तहानलेला साप नाइलाजाने दूध पितो, पण त्याला ते मानवत नाही. बळेच पाजल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते. सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. गारठ्यात ठेवल्यास गिळलेले भक्ष्य पोटातच कुजते. कोंडलेला साप पुष्कळदा भीतीने खाणेच सोडतो.

बेडूक बहुधा हलणारे भक्ष्यच टिपतो. मेलेल्या माश्या समोर ठेवल्या तरी तो उपाशी राहतो. तो कातडीतून पाणी शोषतो, त्यामुळे आपल्या हाताला लागलेले कीटकनाशकही त्याच्या अंगात जाते.

म्हणजे यांचे खाणे, ऊन व ओल या तिन्ही गोष्टी शिवारातच मिळतात. तेथे ते आपले कामही करतात. धामण उंदीर खाते, बेडूक किडे खातो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ साली बंद केली. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे धामण, नाग, घोरपड, तारा कासव पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) मुलांनी आणलेला बेडूक त्याच दिवशी, जेथून आणला तेथेच सोडावा. नंतर साबणाने हात धुवावेत.

२) घरात कासव असल्यास परस्पर रानात सोडू नये, त्याचा रोग रानातल्या कासवांना लागू शकतो. वन विभागाच्या स्वाधीन करावे.

३) घरात साप निघाल्यास स्वतः पकडू नये, मारू नये. लांबून लक्ष ठेवून वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

४) फवारणी पंप ओढ्यात वा विहिरीवर धुवू नये.

५) बांधावरचे गवत व झुडपे सरसकट जाळू नयेत.

वडिलांनी ते कासव घराला बरकत यावी म्हणून आणले होते. बंधूंनो, बरकत देणारे हे प्राणी आपल्या बांधावर आधीच आहेत. त्यांना तेथेच राहू द्या.