आपला विनोदी फलक
(गणेशोत्सवातील भाषण)



खरगपूरच्या आपल्या मंडपाशेजारचा विनोदी फलक मी गेली १६ वर्षे लिहितो आहे, म्हणून आज दोन शब्द बोलायचा हुकूम झाला. आम्ही डिप्लोमावाले, रूळ, स्लीपर, गेज यापलीकडे फारसं कळत नाही. विनोद शिकलो तो 'आवाज'मुळे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा दिवाळी अंक वडील मुंबईहून मागवत. त्यातली खिडकीचित्रं आठवतात ना? कापलेल्या चौकोनातून भलतंच दिसायचं, पान उलटलं की साधासुधा प्रसंग! फजिती बघणाऱ्याच्या मनाची, चित्रातल्या माणसाची नव्हे.

फलकाचंही तेच धोरण. लिहिणाऱ्यानं नाव द्यायचं, आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं. यात निम्मे विनोद बाद होतात, होऊ देत. बिलासपूरला बदली होऊन गेलेले एक काका अजून पोस्टकार्डावर स्वतःचीच खिल्ली उडवून पाठवतात.

अलीकडे मात्र बहुतेक मजकूर मोबाईलवरचा, आयता, लेखकाचं नाव गाळलेला येतो. तो मी लावत नाही. म्हणून यंदा फलकाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे. विसर्जनाला अजून चार दिवस आहेत. खडू तिथेच ठेवला आहे.