विजेचा फूटव्हॉल्व्ह



गेल्या महिन्यात बचतीचे पैसे मोजून झाल्यावर गटातल्या एका ताईंनी पिशवीतून कागद काढला. लेक आयटीआय झालेली, तिला कंपनीतून मुलाखतीला बोलावलं होतं. कागदावर शब्द होता 'सेमीकंडक्टर'. "मॅडम, हे करंटचं काम. पोरीला काही झालं तर? नकोच पाठवायला." मी बीए, मलाही धड सांगता येईना. मुलाखत सोमवारी होती. चार दिवस विचारपूस केली, तेच आज सांगते.

तांब्यातून वीज जाते, रबरातून जात नाही. सिलिकॉन मधलं, म्हणून अर्धवाहक. ते वाळूतूनच काढतात. त्याच्या पातळ चकतीत दुसरे पदार्थ कणभर मिसळले की डायोड होतो. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, परत खाली जाऊ देत नाही ना? डायोड तसाच, विजेचा. घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, मोबाईलच्या बॅटरीला मात्र एकाच दिशेची लागते. ते काम चार्जरमधले डायोड करतात. थायरिस्टर हा त्याचाच भाऊ, पण इशारा मिळाल्याशिवाय उघडत नाही.

हे सगळं परदेशातच होतं असं मला वाटायचं. पण आपल्याच लाइनवर, ठाण्याच्या पुढे भांडुपला, हिंद रेक्टिफायर्स ही कंपनी १९५८ पासून आहे. सुरुवातीला इंग्लंडच्या वेस्टिंगहाउस ब्रेक अँड सिग्नल कंपनीची साथ होती. डायोड, थायरिस्टर, कारखान्यांसाठी कपाटाएवढे रेक्टिफायर, रेल्वेच्या इंजिनांची विजेची सामग्री, असा त्यांचा माल. नाशिककडेही कारखाना आहे.

आपल्या लोकलला पूर्वी १५०० व्होल्टची एकाच दिशेची वीज होती. ती रुळांकडेच्या सबस्टेशनात तयार व्हायची. २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टची दिशा बदलणारी वीज आली. आता ती मोटरजोगी करायचं काम गाडीतच होतं, आणि तेही अर्धवाहकच करतात. दारात लटकताना कोणाच्या मनात येतं हे!

आता ताईंची भीती. धोका नाही असं मी म्हणणार नाही. या कामात चकत्या अॅसिडने धुतात, तयार माल मोठ्या दाबाची वीज लावून तपासतात. म्हणून आम्ही कागदावर प्रश्न लिहून दिले. हातमोजे, चष्मा कंपनी देते का? आधी शिकवणार किती दिवस? रात्रपाळी आहे का, असली तर स्टेशनपर्यंत गाडी? पीएफ पहिल्या महिन्यापासून का?

सोमवारी ताई स्वतःच लेकीबरोबर निघाल्या. मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय?" म्हटल्यावर पोरीने तो कागद उघडला. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. पीएफचं विचारून सांगतो म्हणाले. ताई त्या उत्तराची वाट बघतायत.