जुने हत्यार, रास्त दाम

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सभासदांच्या मेळाव्यात रेल्वे शाखा सचिवांनी केलेले भाषण)



पेन्शनचे फॉर्म, फंडाचा हिशेब, वैद्यकीय कार्ड ही सगळी माहिती आपण सकाळपासून ऐकलीत. आमच्या वाट्याला जरा निराळा विषय आला आहे. निवृत्तीनंतर घरी थोडे सुतारकाम करावे असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आहे, आणि हत्यारे कोठून घ्यावीत असे ते आम्हाला विचारतात. आम्ही जातीचे सुतार नव्हे. पण कॅरेज वर्कशॉपमध्ये सुतार खात्याच्या शेजारी आमची निम्मी नोकरी गेली. हत्यार कसे पारखायचे ते तेथल्या जुन्या मिस्त्रींनी आम्हाला शिकविले. पुढे सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात हिंडण्याचा नादही लागला.

पहिली गोष्ट अशी, की फंडाचे पैसे हातात पडल्याबरोबर दुकानात जाऊन खोक्यातला चकचकीत संच आणू नका. स्वस्तातल्या संचातली पटाशी सागवानात दोन खाचा मारीपर्यंत बोथट होते. तेवढ्याच पैशात, किंवा त्याहून कमी पैशात, जुन्या बाजारात जन्मभर पुरणारे हत्यार मिळते.

ते स्वस्त का मिळते? एके काळी रेल्वेचे डबे लाकडी असत आणि वर्कशॉपमधले सुतार खाते मोठे असे. १९५५ साली पेरांबूरचा कारखाना सुरू झाला, तेथून पोलादी डबे येऊ लागले आणि लाकडाचे काम हळूहळू कमी होत गेले. शहरात प्लायवूड आले, विजेवरची यंत्रे आली. शेफिल्डच्या पोलादाचे रंधे, पटाश्या, करवती ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतल्या होत्या, ती पिढी गेली. मुले दुसऱ्या धंद्याला लागली. मग घर आवरताना ती पेटी भंगारवाल्याच्या तराजूत जाते. हत्यार वाईट म्हणून ते स्वस्त होत नाही. त्याची पारख असणारा घरात उरला नाही, म्हणून ते स्वस्त होते.

आता पारख कशी करायची ते सांगतो. बाजारात जाताना खिशात सहा इंची पोलादी पट्टी, एक लहान कानस, पेन्सिल आणि जुने फडके असू द्या.

रंधा उलटा करून तळ पाहा. तोंडाजवळ केसाएवढी जरी चीर दिसली तरी खाली ठेवा. बिडाची चीर घरी सांधता येत नाही. आम्ही एकदा गंजाखालची चीर न पाहता रंधा आणला. तो आज आमच्याकडे दाराला टेकू म्हणून आहे. पट्टी उभी धरून तळ सपाट आहे का ते पाहा. मग पाते बाहेर काढायला लावा. धार लावून लावून खाचेपर्यंत झिजलेले पाते चार महिन्यांचे सोबती असते.

पटाशीची सपाट पाठ पाहा. वरवरचा तांबूस गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने जातो. पण धारेजवळ पाठीवर खड्डे पडले असतील तर धार कधीच अखंड यायची नाही, कारण धार म्हणजे दोन बाजूंची गाठ. टोकाला निळसर झाक असेल तर कोणीतरी चाकावर घासताना पोलाद जाळले आहे आणि त्याचे पाणी उतरले आहे, असे समजा. शंका आली तर धारेच्या कडेवर कानस हलकेच फिरवा. ती घसरली तर पोलाद कडक, सहज चावली तर मऊ. मूठ फुटलेली असेल तर काळजी नको. मूठ बाभळीची नवी बसते आणि फुटक्या मुठीमुळे भावही उतरतो.

करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या ओळीवरून नजर टाका. हलका बाक काढता येतो, पण पात्याला मोड पडला असेल तर सोडून द्या. बोथट दातांना घाबरू नका, कानस लावली की ते परत येतात. ओळीने चार-सहा दात तुटलेले असतील तर मात्र नको.

गुण्याची परीक्षा सर्वांत सोपी. सरळ कडेच्या फळीला तो लावून रेघ ओढा. मग उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

आणखी एक. चाकावर घासून चमकविलेल्या हत्यारापेक्षा गंजलेले घ्या. चमकीचे पैसे आपण देतो, आणि त्या घासण्यात कडा गोल होतात, पोलाद तापते. धारेचा दगड मात्र नवा घ्या, जुना मधोमध खोलगट झालेला असतो.

बाजार कोणते, तर मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार, तोही शुक्रवारी पहाटे. अहमदाबादेत साबरमतीकाठची रविवारची गुजरी, हैदराबादेत गुरुवारचा जुमेरात बाजार. आपले सभासद देशभर विखुरलेले आहेत. जेथे असाल तेथे भंगार गल्ली असतेच. सुरुवातीला रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची पटाशी, करवत, गुण्या, हातोडी एवढेच घ्या. भाव नव्याच्या निम्म्यावर गेला तर उठा.

आता सर्वांत महत्त्वाचे. हत्यार घेण्यापूर्वी त्यावरचा शिक्का वाचा. रेल्वेची अक्षरे दिसली, किंवा अक्षरे कानशीने घासून काढलेली दिसली, तर ते फुकट मिळाले तरी हात लावू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा १९६६ चा आहे. चोरीचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याजवळ सापडला, तर तो कायदेशीरपणे आला हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा बाहेरच्या माणसालाही लागतो, तेव्हा पोस्टातल्या बंधूंनीही कानाआड करू नये. निवृत्तीच्या दिवशी खटला चालू असेल तर पेन्शन तात्पुरती मिळते आणि ग्रॅच्युइटी निकालापर्यंत अडकते. एका पटाशीपायी तीस वर्षांची नोकरी टांगणीला लावू नका. लिलावातला माल आहे असे विक्रेता म्हणाला तर पावती मागा. पावती नाही तर माल नाही.

शेवटी एक आठवण. आमच्या एका मिस्त्रींचे निधन झाले. महिन्याभराने आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांची पेटी दारात होती आणि भंगारवाला तराजू काढीत होता. वहिनी म्हणाल्या, “घेऊन जा भाऊजी, द्यायचे ते द्या.” मोह झाला, खोटे कशाला सांगावे. चहाच्या पैशात सगळी पेटी आमची झाली असती. पण हे हात कोणाचे, घाम कोणाचा, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही भंगारवाल्याला वाटेला लावले, दोन जाणत्या सुतारांना बोलाविले आणि एकेका हत्याराचा भाव करविला. भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट रक्कम वहिनींच्या हातात पडली. त्यातला एक रंधा आम्ही ठरल्या भावाने घेतला. तो आजही कागदासारखे कात्रण काढतो.

बाजारात घासाघीस जरूर करा. पण आपल्याच माणसाच्या घरात ती करू नका. शाखेत कोणी सुतार, फिटर गेला तर चार जाणत्यांनी त्याच्या घरी जाऊन पेटीचा रास्त भाव सांगावा, एवढे काम आपण सर्वांनी अंगावर घेऊ या. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. ज्याने ती वापरली त्याच्या घराला योग्य दाम मिळावा, हीही त्या पूजेतलीच गोष्ट आहे.