डोंगरातलं चॉकलेट



ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेतली माणसं डोंगराकडे निघतात. एव्हाना दिवस मोठा झालेला असतो, वर बर्फ मात्र अजून टिकून असतो. पायाला स्की बांधायच्या, दिवसभर फिरायचं आणि उन्हात बसून खायचं. पाठीवरच्या पिशवीत दोन गोष्टी ठरलेल्या: संत्रं आणि ‘क्विक लुन्श’. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांच्या वेष्टनात वेफरच्या चार कांड्या, वरून दुधाचं चॉकलेट.

ओस्लोच्या फ्राया कंपनीने 1937 मध्ये ते बाजारात आणलं. तुम्ही म्हणाल, हे तर किटकॅट! दिसायला आहे खरं तसंच, आणि किटकॅट दोन वर्षांनी थोरलंही आहे. पण किटकॅट कामाच्या मधल्या सुट्टीत खायचं, तर हे चालून दमल्यावर. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. नॉर्वेच्या माणसाला डोंगरात जाणं हा छंद वाटत नाही, ती त्याची जगण्याची रीत आहे. या चॉकलेटने त्या रीतीत जागा मिळवली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वेष्टनाची आतली बाजू. 1967 च्या ईस्टरमध्ये डोंगरात बरेच लोक दगावले. तेव्हा रेडक्रॉस आणि तिथल्या पर्यटन संघाने डोंगरात वावरण्याचे नियम घरोघर पोचवायचं ठरवलं, आणि ते या वेष्टनाच्या आत छापले गेले. कुठे जाताय ते सांगून निघा. हवामानाचा अंदाज पाहा. नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा. वेळीच मागे फिरा, त्यात कसलीही लाज नाही. वादळात अडकलेल्या माणसाच्या हाती हा कागद असणं, याहून चांगली जाहिरात मला तरी ठाऊक नाही.

फ्राया 1993 पासून अमेरिकी मालकीची आहे. लोकांनी तरीही चॉकलेट आपलंच मानलं. मग 2023 मध्ये मालक कंपनी मॉन्डेलीझ युक्रेन युद्धानंतरही रशियातला धंदा चालू ठेवते म्हणून वाद पेटला. एसएएस ही विमान कंपनी आणि नॉर्वेचा फुटबॉल महासंघ यांनी मॉन्डेलीझचा माल घेणं थांबवलं. परक्या कंपनीवरचा राग काढायचा, तर नेमकं लहानपणापासूनचं चॉकलेट सोडावं लागणार होतं. ओस्लोतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगारही नॉर्वेचेच होते.